वरच्या दाढेचं रूट कॅनल फसलं: पुन्हा करायचं की इम्प्लांट बसवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल तीन वर्षांपूर्वी झालं, वर कॅप बसली, सगळं ठीक चाललं होतं. गेल्या काही महिन्यांपासून त्या बाजूनं चावलं की दुखतं. हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, तोंडाची चव बिघडते आणि आठवडाभरात ती आपोआप बसते. एक डॉक्टर म्हणाले, मायक्रोस्कोपखाली रूट कॅनल पुन्हा करू, दाढ वाचेल. दुसरे म्हणाले, एकदा फसलेल्या दाढेमागे पुन्हा लागण्यात अर्थ नाही, काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर नवा दात, बसवा. दोघांनीही ‘आता नवीन तंत्रं आली आहेत’ असं सांगितलं. ही तंत्रं म्हणजे नेमकं काय आणि कोणाचं ऐकायचं, हे तुम्ही विचारलंय.

बावीस वर्षं मी हेच काम करतोय. रूट कॅनल करतो आणि इम्प्लांटवर दातही बसवतो, त्यामुळे एकाच उपचाराची बाजू घ्यायचं मला कारण नाही. माझं मत आधीच सांगतो. मुळाच्या टोकाशी झालेला संसर्ग आज बहुतेक वेळा बरा करता येतो. तुमच्या दाढेचा निकाल लागणार आहे तो कॅपच्या खाली, हिरडीच्या वर किती निरोगी दात शिल्लक आहे त्यावर. आणि ही गोष्ट कॅप काढून पाहिल्याशिवाय कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

आधी त्या पुटकुळीबद्दल. ती म्हणजे पू बाहेर पडायची वाट. मुळाच्या टोकाशी हाडात साठलेला पू हाडातून मार्ग काढत हिरडीवर येतो. वाट मोकळी असते तोवर ठणका लागत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं तिच्याकडे दुर्लक्ष करतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या की ती बसते, गोळ्या संपल्या की परत येते. याचं कारण साधं आहे: औषध रक्तातून जातं आणि नस काढलेल्या दाताच्या आत रक्त पोहोचतच नाही. जंतू आत निवांत असतात. म्हणून पुटकुळीसाठी नुसत्या गोळ्यांचा तिसरा-चौथा कोर्स कुणी लिहून देत असेल तर तो तुमचा वेळ घालवतोय.

जंतू हेच मूळ कारण, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर दाखवून दिलं. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांना भोक पाडून त्यांनी नस उघडी ठेवली. त्यात खाणं अडकायचं, तरीही नस जिवंत राहिली आणि भोकावर नव्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, पूल तयार झाला. साध्या उंदरांमध्ये मात्र तीच जखम सडली आणि पू झाला. आज दवाखान्यात जी काही नवी यंत्रं तुम्हाला दिसतात, ती सगळी याच एका कामासाठी आहेत: जंतू आतून काढणं आणि पुन्हा आत येऊ न देणं.

आता तुमची दाढ. वरची पहिली दाढ ही सगळ्या तोंडातली फसवी दाढ. तिला तीन मुळं असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. गालाकडचं पुढचं मूळ चपटं असतं आणि त्यात बहुतेक वेळा एकाऐवजी दोन कॅनल, म्हणजे नस असलेल्या बारीक नळ्या, असतात. साध्या एक्स-रेमध्ये ते एकमेकांच्या मागे लपतात. तीन मुळं, तीन कॅनल असा हिशोब धरून काम संपवलं की चौथा आत तसाच सडत राहतो. फसलेल्या वरच्या दाढा पुन्हा उघडल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच न सापडलेला चौथा कॅनल.

हे मी दुसऱ्यांच्या चुकांवरून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी साध्या डोळ्यांनी आणि खुर्चीच्या दिव्यात काम करायचो. एका बाईंच्या अशाच दाढेचे तीन कॅनल मी मनापासून केले. एक्स-रे इतका सुरेख आला होता की मी तो इतरांना दाखवायचो. दोन वर्षांनी त्या परत आल्या, तुमच्यासारखीच पुटकुळी घेऊन. तोवर माझ्याकडे मायक्रोस्कोप आला होता. त्या दिवशी जे दिसलं ते मी विसरलेलो नाही.

कॅप काढली, रबर डॅम म्हणजे दाताभोवतीची रबरी चादर लावली, जुनं भरण अल्ट्रासॉनिक म्हणजे अतिजलद थरथरणाऱ्या टोकानं काढलं. तळाशी तीन तोंडं, दोन गालाकडे, एक मोठं टाळूकडे. गालाकडच्या पुढच्या तोंडापासून टाळूकडच्या तोंडापर्यंत मनात एक रेघ ओढायची. चौथ्याचं तोंड बहुधा या रेघेच्या किंचित पुढे, दोनेक मिलिमीटर आत असतं. पण त्याच्यावर डेंटिनचा एक ओठ आलेला असतो, म्हणून ते दिसत नाही. बारा पट मोठं करून पाहिलं की तळ राखाडी दिसतो आणि भिंती पिवळसर पांढऱ्या. त्या राखाडी भागात केसासारखी बारीक पांढरी रेघ होती. मागच्या वेळी घासताना निघालेली डेंटिनची पूड त्या फटीत बसली होती. तिच्यावरून टोक हलकेच फिरवलं, अर्धा मिलिमीटर, मग आणखी अर्धा. सडलेली नस विरघळवणाऱ्या हायपोक्लोराइटचा एक थेंब सोडला आणि थांबलो. नेमक्या त्या ठिकाणाहून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. म्हणजे आत सडलेली नस होती आणि द्रव तिला खात होता. आठ नंबरची फाईल, म्हणजे कॅनल घासायची सुईसारखी कानस, जिचं टोक जेमतेम ०.०८ मिलिमीटर असतं, तिथे टेकवली आणि ती आत गेली. त्या दाढेची पुटकुळी तीन आठवड्यांत गेली.

म्हणून मायक्रोस्कोपला मी शोभेची वस्तू मानत नाही. अमेरिकेत रूट कॅनलच्या तज्ज्ञ-शिक्षणात १९९८ पासून त्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, ते उगाच नाही. पण यंत्र नुसतं कोपऱ्यात उभं असून भागत नाही. पुन्हा उघडायच्या वरच्या दाढेला मी दीड-दोन तास राखून ठेवतो. अर्ध्या तासाच्या वेळेत हे काम होत नाही.

मायक्रोस्कोपच्या जोडीला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. दात आडवा कापून पाहावा तशी प्रत्येक मुळाची चकती दिसते. मुळाच्या मधोमध भरण नसून एका कडेला आहे असं दिसलं, की दुसऱ्या कडेला काहीतरी राहिलंय असं समजायचं. तुमच्या प्रकरणात हा स्कॅन निर्णयाआधीच हवा. फक्त त्या भागापुरता छोटा स्कॅन पुरतो, पूर्ण जबड्याचा नको. किरणं कमी लागतात आणि बारकावे जास्त दिसतात. एक सावधगिरी सांगतो. जुन्या भरणामुळे आणि पोस्टमुळे, म्हणजे कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेल्या धातूच्या खिळ्यामुळे, स्कॅनमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषा उमटतात आणि त्या मुळाच्या चिरेसारख्या दिसू शकतात. नुसत्या अशा एका रेषेवरून दात काढायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आतली साफसफाई कशी बदलली ते आता. पूर्वी स्टीलच्या फाईली होत्या. वाकड्या कॅनलमध्ये स्टील सरळ व्हायला बघतं आणि वळणावर बाहेरच्या भिंतीला खोबण पाडतं. १९८८ साली वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायला वापरतात त्या निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाईल बनवून दाखवली आणि चित्र पालटलं. आता उष्णतेची प्रक्रिया केलेल्या फाईली आहेत. बोटानं वाकवली तर वाकडीच राहते इतकी मऊ फाईल वळणाबरोबर वळते. त्या तुटण्याचा धोका कमी झाला, गेला नाही. आत तुटलेला तुकडा दिसला म्हणजे दाढ गेली असंही नाही. कॅनल आधी स्वच्छ झाला असेल तर तुकडा आत ठेवूनही दाढ टिकते.

पण फाईलींचं जेवढं कौतुक होतं तेवढ्या त्या पुरत्या नाहीत. २००१ साली मायक्रो-सीटीनं वरच्या दाढांचे कॅनल घासण्याआधी आणि नंतर मोजले गेले. भिंतींच्या ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भागाला फाईल शिवलीच नव्हती. कॅनल गोल नळीसारखा नसतो. तो चपटा, फाटे फुटलेला, मध्ये जाळी असलेला असतो. फाईल रस्ता करून देते, साफसफाई द्रव करतो. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं. १७ टक्क्यांचं ईडीटीए भिंतीवर बसलेला घासकामाचा लेप काढतं. हे द्रव नुसते आत ओतून भागत नाही. ते बारीक अल्ट्रासॉनिक किंवा सॉनिक टोकानं हलवावे लागतात, तेव्हाच फाट्यांमध्ये शिरतात. लेझरनंही हे होतं, पण साध्या अल्ट्रासॉनिकपेक्षा रुग्णाला त्यातून फार काही जास्त मिळतं असं माझ्या पाहण्यात नाही. जंतू जुने असतील, पू येत असेल, तर मी एकाच बैठकीत दाढ बंद करत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून दोन-तीन आठवडे थांबतो आणि पुटकुळी गेल्याचं पाहूनच पुढे जातो.

यात रबर डॅमचं नाव मी मुद्दाम पुन्हा घेतोय. दाताभोवती ताणून बसवलेली ती रबरी चादर. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी पहिल्यांदा वापरली, म्हणजे त्यात नवीन काहीच नाही. पण ती नसेल तर तोंडातली लाळ प्रत्येक क्षणी आत जाते आणि लाळेच्या प्रत्येक थेंबात जंतू असतात. शिवाय हायपोक्लोराइट घशात जाण्याचा, बारीक फाईल गिळली जाण्याचा धोका असतो. तुमच्या पहिल्या रूट कॅनलच्या वेळी रबर डॅम लावला होता का, ते आठवून पाहा. पुन्हा करणारे डॉक्टर तो लावणार नसतील तर मायक्रोस्कोप असूनही मी तिथे करून घेणार नाही.

लांबी मोजायचं काम आता एपेक्स लोकेटर करतो. १९६२ साली जपानमध्ये सुनाडा यांनी दाखवलं की मुळाच्या टोकाशी पोहोचलेल्या फाईलीत आणि तोंडाच्या त्वचेत विजेचा रोध जवळजवळ ठरावीक, साधारण ६.५ किलोओहम असतो, वय किंवा दात कुठलाही असो. त्या तत्त्वाच्या सुधारित आवृत्त्यांवर आजची यंत्रं चालतात. भरण आजही गटापर्चाचंच, म्हणजे रबरासारख्या एका पदार्थाचंच असतं. त्याच्याभोवतीच्या फटी बुजवणारं सीलर मात्र अनेक ठिकाणी बायोसिरॅमिक प्रकारचं झालंय, जे ओलाव्यात घट्ट होतं आणि आक्रसत नाही. चांगलं आहे, मीही वापरतो. पण आत घाण राहिली असेल तर कुठलंही सीलर दात वाचवत नाही.

याच घराण्यातलं एमटीए हे सिमेंट १९९३ साली पहिल्यांदा मांडलं गेलं आणि त्यानं जास्त मोठा बदल घडवला. मुळाला पडलेलं भोक त्यानं बुजवता येतं. नस पूर्ण मेलेली नसेल तर फक्त वरचा सुजलेला भाग काढून उरलेल्या नसेवर ते ठेवता येतं आणि कित्येकदा रूट कॅनलच टळतं. तुमच्या दाढेची ती वेळ केव्हाच गेली. पण घरात आणखी कुणाची दाढ थंडानं झिणझिणत असेल तर त्यांना लवकर पाठवा.

मी वर म्हटलं की निकाल हिरडीच्या वर लागतो. ते असं. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोकळ झालेली असते आणि चावताना तिचे कोपरे बाहेरच्या बाजूला फाकतात. कॅप त्यांना बांधून ठेवते, पण कॅपला धरायला दात लागतो. कॅपची कडा जिथे बसते तिथून वर सगळीकडून किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दाताची भिंत हवी. बादलीच्या फळ्यांना जसं लोखंडी कडं लागतं, तशी कॅप त्या भिंतीला आवळते. भिंतच नसेल तर सगळा जोर आतल्या पोस्टवर जातो आणि मूळ उभं चिरतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांच्या सहापट वेगानं गेले. आत कितीही सुंदर काम केलं तरी वरून गळती झाली तर काही महिन्यांत जंतू परत मुळापर्यंत पोहोचतात. तुमच्या कॅपच्या कडेला कीड लागलेली असेल तर संसर्गाचं कारण चौथ्या कॅनलऐवजी तेही असू शकतं.

आणि मूळ चिरलं असेल तर चर्चा संपली, दाढ काढावीच लागते. ओळखायची खूण अशी: मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीभोवती फिरवली तर सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी अचानक आठ-नऊ मिलिमीटर आत जाते. डॉक्टरांना ही तपासणी करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न करता ‘दाढ वाचेल’ किंवा ‘दाढ गेली’ असं बोलणं घाईचं होईल.

एक तिसरा मार्गही आहे, जो तुम्हाला दोघांनीही सांगितलेला दिसत नाही. आतला पोस्ट मोठा आणि घट्ट असेल, तो काढताना मूळ फुटायची भीती असेल, तर वरून न उघडता हिरडी बाजूला करून मुळाचं टोकच तीन मिलिमीटर कापतात आणि कापलेल्या तोंडाला मागून तीन मिलिमीटर खोल साफ करून एमटीएसारखं सिमेंट भरतात. मायक्रोस्कोपखाली केलेली ही शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीपेक्षा फार वेगळी आहे. पूर्वी नीट दिसावं म्हणून मूळ तिरकं कापत, आता जवळजवळ सरळ कापतात. त्यानं मूळही जास्त वाचतं आणि बारीक फाटेही उघडे राहत नाहीत.

आता इम्प्लांट. स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं परत काढायला गेले तर ती निघेनात, हाडच त्यांना चिकटलं होतं. १९६५ साली स्वीडनमधल्या योस्टा लार्सन यांना पहिल्यांदा इम्प्लांट बसले आणि २००६ साली त्यांचं निधन झालं तेव्हाही ते कामात होते. म्हणजे इम्प्लांट हा भरवशाचा उपचार आहे, यात मला शंका नाही. दात खरोखर वाचण्यासारखा नसेल तर मी तोच सुचवतो.

बदललं काय, तर पृष्ठभाग खडबडीत झाले आणि हाड धरायला लागणारा काळ कमी झाला. पूर्वी तीन ते सहा महिने थांबत, आता चांगल्या हाडात सहा ते आठ आठवडेही पुरतात. स्कॅन आणि तोंडाचं डिजिटल माप एकमेकांवर ठेवून आधी संगणकावर दात ठरवतात, मग स्क्रूची जागा ठरते आणि त्याप्रमाणे छापलेला गाईड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा साचा, तोंडात बसवून भोक पाडतात. हाड तापू न देण्याचा नियम मात्र जुनाच आहे: एक मिनिटभर ४७ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर ते मरू लागतं. म्हणून धारदार ड्रिल, थंड सलाइन आणि सावकाश हात.

तुमच्या जागी खास अडचण सायनसची. वरच्या दाढेच्या मुळांच्या वर जबड्याच्या हाडात ही पोकळी असते. दाढ काढली, की वर्षभरात खालून हाड झिजतं आणि वरून पोकळी खाली उतरते. मुळाशी असलेल्या संसर्गानं आधीच हाड खाल्लं असेल तर स्क्रूला पुरेशी उंची मिळत नाही आणि सायनसचा पडदा उचलून हाड घालावं लागतं. ते होतं, नीट होतं, पण ‘काढा आणि बसवा’ इतकं सोपं ते नाही. स्कॅनमध्ये सायनसचा तळ तुमच्या मुळांपासून किती लांब आहे हे दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

लोक इम्प्लांट म्हणजे तो स्क्रू समजतात. माझ्या अनुभवात पुढचे त्रास बहुधा वर बसवलेल्या दाताचे असतात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पहिली गोष्ट, दात स्क्रूनं आवळलेला की सिमेंटनं चिकटवलेला. सिमेंटचा दात दिसायला छान, वर भोक नाही. पण हिरडीखाली सांडलेलं सिमेंट दिसत नाही, एक्स-रेमध्येही नेहमी दिसत नाही. माझ्या एका रुग्णाचा सिमेंटचा इम्प्लांट-दात चार वर्षं उत्तम होता. मग हिरडीतून रक्त, मग पू. हिरडी उघडली तर तांदळाच्या दाण्याएवढा सिमेंटचा तुकडा स्क्रूला चिकटलेला, आणि त्याच्याभोवती हाड कपासारखं खचलेलं. ते सिमेंट मीच लावलं होतं. २००९ च्या एका अभ्यासात इम्प्लांटभोवतीच्या अशा आजाराच्या ८१ टक्के प्रकरणांत सांडलेलं सिमेंट सापडलं होतं. तेव्हापासून शक्य तिथे मी स्क्रूचाच दात देतो. स्क्रूचं भोक चावायच्या बाजूला येतं, त्यात टेफ्लॉनची पट्टी ठासून वर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावतो. पुढेमागे काही झालं तर भोक उघडून दात अख्खा काढता येतो, धुऊन पुन्हा बसवता येतो. इम्प्लांट तिरका असला तरी हल्ली कोनातून फिरणारे स्क्रू मिळतात, त्यामुळे सिमेंटला पर्याय नाही असं क्वचितच होतं.

दुसरी गोष्ट, दाताला इम्प्लांटवर धरून ठेवणारा हा छोटा स्क्रू आवळणं. हातानं ‘घट्ट झाला’ म्हणून चालत नाही. टॉर्क रेंचनं कंपनीनं दिलेल्या मापापर्यंत, बहुतेक पद्धतींत २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर, आवळायचा. मग दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तेवढंच आवळायचं. कारण धातूचे बारीक उंचवटे दाबानं बसतात आणि ताण थोडा ढिला पडतो. ही दहा मिनिटं जो वाचवतो त्याचे रुग्ण सहा महिन्यांनी ‘दात हलतोय’ म्हणून परत येतात. बहुधा इम्प्लांट हलत नसतो, स्क्रू सुटलेला असतो. तेव्हा घाबरू नका, पण तसाच चावतही राहू नका. सुटलेला स्क्रू पुढे तुटतो.

तिसरी गोष्ट चावा. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये तंतूंची गादी असते. जोरानं चावलं की तो २५ ते १०० मायक्रॉन दबतो. इम्प्लांट दबतो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. दोघांना सारखाच चावा दिला तर जोर लावताच सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून मी ८ मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी दातांमध्ये धरतो. हलकं चावल्यावर शेजारच्या दातांनी ती पकडली पाहिजे आणि इम्प्लांटच्या दातामधून ती सरकून आली पाहिजे. जोरात चावल्यावर मात्र तिथेही पकडली गेली पाहिजे. त्या गादीत संवेदनाही असते, जी इम्प्लांटला नाही. काही उंच लागतंय, दुखतंय, हे तो दात तुम्हाला सांगत नाही. आजार सुरू झाला तरी दुखत नाही, फक्त हिरडीतून रक्त येतं. ते रक्त हीच सूचना समजा.

चौथी गोष्ट क्वचितच कुणी आधी सांगतं. नैसर्गिक दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही. त्यामुळे काही वर्षांनी इम्प्लांटचा दात आणि त्याच्या पुढचा दात यांच्यात फट पडू शकते आणि तिथे खाणं अडकायला लागतं. डॉक्टरांनी चुकीचा दात बसवला असं वाटून लोक रागावतात. स्क्रूचा दात असेल तर काढून बाजू भरून परत देता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

तोंडातल्या स्कॅनरनं माप घेणं, झिरकोनिया या कडक सिरॅमिकचे दात, त्यांच्याखालच्या टायटॅनियमच्या बैठका हे सगळं आता रोजचं झालंय आणि एका-दोन दातांसाठी डिजिटल माप उत्तम येतं. हिरडीखालून दात वर येताना तो हळूहळू रुंद झाला पाहिजे आणि खालून दोरा किंवा बारीक ब्रश गेला पाहिजे, हे मात्र कुठलाही स्कॅनर आपोआप ठरवत नाही.

आता तुमचं. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेला उपचार चुकीचा नाही, दोघांकडे अजून पुरेशी माहिती नाही. दात वाचवून टिकणं आणि इम्प्लांट टिकणं यात मोठा फरक आढळत नाही, हे दोन्हींचे एकत्रित आढावे सांगतात. मग जे आपलं आहे ते आधी राखावं, या मताचा मी आहे, कारण रूट कॅनल पुन्हा फसलं तर इम्प्लांट उरतोच, पण काढलेली दाढ परत येत नाही. त्या भागाचा छोटा सीबीसीटी करा. हिरडीची सळईनं तपासणी करून घ्या. पुटकुळीतून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे घेतला की पू नेमक्या कोणत्या मुळाचा हे कळतं, तोही घ्या. चीर नसेल, तर पहिल्या डॉक्टरांना सांगा की कॅप काढून आत पाहा आणि भिंत दोन मिलिमीटर आहे की नाही ते मला दाखवा. मायक्रोस्कोपला कॅमेरा असतो, फोटो मागायला लाजू नका. भिंत असेल तर पुन्हा रूट कॅनल, महिन्याभरात नवी कॅप, एका वर्षानं एक्स-रे. हाड भरून यायला वेळ लागतो, कधी चार वर्षांपर्यंत, त्यामुळे पहिल्या एक्स-रेत सावली जरा उरलेली दिसली तर ती लहान झाली का एवढं पाहा. भिंत नसेल किंवा चीर निघाली, तर त्याच दिवशी मन मोडून न घेता दुसऱ्या डॉक्टरांकडे जा आणि स्क्रूचा दात मागा.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, सिगारेट असेल तर सोडा. दोन्ही उपचारांना त्याचा फटका बसतो, इम्प्लांटला जास्त. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर दाढ काढण्याआधी डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही.

तोवर त्या बाजूनं कडक काही फोडू नका. पुटकुळी दाबून फोडत बसू नका. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा डोळ्याखाली सूज चढायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा.